मिरचीची आग, केमोची ओकारी आणि गाठीतल्या पेशी

(सामुदायिक रेडिओवर सादर झालेलं भाषण)

गेल्या काही बैठकांत मला एकच प्रश्न दोनदा विचारला गेला. मोबाईलवर एक निरोप फिरतो आहे की केमोच्या वेळी उलटी होऊ नये म्हणून जी कॅप्सूल देतात, तीच कॅन्सरच्या पेशी मारते. मग एका ताईंनी विचारलं, "तसं असेल तर नुसती कॅप्सूलच घेऊ, केमो कशाला?" प्रश्न साधा नाही. निरोपातली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून तो जास्त धोक्याचा आहे. आज ती खरी अर्धी गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे उरलेल्या अर्ध्या गोष्टीला कोणी फसणार नाही.

सुरुवात मिरचीपासून करते. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला आपण मिरच्या आणतो, वाळवतो, देठ खुडायला बसतो. दोन तासांत बोटांची आग सुरू होते, हात लाल होतात. पाण्याने कितीही धुतले तरी आग जात नाही. तेल किंवा दही चोळलं की जरा बरं वाटतं, कारण मिरचीतला तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. आता गंमत पाहा. हात भाजलेला नसतो. मिरचीतला कॅप्सेसिन नावाचा पदार्थ कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकाला "चटका बसला" असं खोटंच कळवतो. उष्णता ओळखणारी ही जागा डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मिरचीच्या याच पदार्थाच्या मदतीने शोधली. २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळालं. म्हणजे आपल्या हातांची आग थेट नोबेलपर्यंत जाऊन पोचली!

चटका बसला असं वाटताच मज्जातंतूचं टोक आपल्याजवळचा एक पदार्थ बाहेर सोडतं. तो पाठीच्या मज्जारज्जूत दुखण्याची बातमी पुढे सरकवतो आणि इकडे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करतो, म्हणून हात लाल होतात. या पदार्थाचं नाव सबस्टन्स पी. मज्जातंतूंनी निरोप्या म्हणून वापरलेल्या अशा पदार्थांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. पेप्टाइड म्हणजे काय? तुरीच्या डाळीतलं प्रथिन ज्या मण्यांचं बनतं, त्याच मण्यांची ही आखूड पोत. सबस्टन्स पीच्या पोतीत मणी फक्त ११.

त्याचा शोधही ऐकण्यासारखा आहे. १९३१ मध्ये लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम या दोघांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक अर्क काढला. तो दिला की रक्तदाब उतरायचा आणि आतडं आकुंचन पावायचं. त्याच्या पावडरीला नुसतं "पी" म्हटलं, तेच नाव राहिलं. तो नेमका कशाचा बनला आहे हे पुढे चाळीस वर्षं कोणाला कळलं नाही. अमेरिकेत सुझन लीमन नावाच्या शास्त्रज्ञ गाईबैलांच्या मेंदूत दुसरंच एक द्रव्य शोधत होत्या. अर्क टोचल्यावर उंदरांना लाळ सुटते हे त्यांच्या लक्षात आलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून त्या लाळेच्या मागे लागल्या. सापडला तो हाच "पी". १९७१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचे अकराही मणी क्रमाने सांगितले. दुसऱ्या कोणी लाळ पुसून पुढचं काम केलं असतं, असं मला वाटतं.

निरोप आला तरी तो घेणारं कोणी हवं. पेशीच्या अंगावर ठरावीक कुलपं असतात, त्यांत ठरावीकच किल्ली बसते. सबस्टन्स पी ज्या कुलपात बसतो त्याला एनके-१ म्हणतात. ते कातडीत आहे, आतड्यात आहे, आणि मेंदूच्या खालच्या भागात जिथून ओकारीचा हुकूम सुटतो तिथेही आहे. आता केमोकडे वळू.

केमोची काही औषधं शरीरात गेली की ओकारी दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता पहिल्या चोवीस तासांत. त्यात आतड्यातून सुटणाऱ्या सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्याचा हात मोठा. त्याला अडवायला सलाईनआधी ऑन्डान्सेट्रॉनसारखं इंजेक्शन देतात. दुसरा हप्ता दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत, आणि त्यात मुख्य काम सबस्टन्स पीचं. त्याची किल्ली कुलपात बसू नये म्हणून जे औषध आहे ते अ‍ॅप्रेपिटंट. हे औषध कुलपाच्या भोकात जाऊन बसतं, मग खरी किल्ली आत जात नाही. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली आणि आता आपल्याकडच्या कंपन्याही ते बनवतात. नेहमीची रीत तीन कॅप्सूलची आहे: पहिल्या दिवशी केमोच्या एक तास आधी १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ८०-८० मिलिग्रॅम. काही ठिकाणी याच जातीचं एकच इंजेक्शन सलाईनमधून देतात, मग कॅप्सूल लागत नाहीत.

हे मी एवढं खोलात का सांगते? आपल्या बाया इथेच चुकामूक करतात. पहिल्या दिवशी बरं वाटतं, एस.टी.ने घरी येतात, आणि उरलेल्या दोन कॅप्सूल डब्यात ठेवतात. "महागाची आहे, ओकारी झाली तर घेईन." पण ओकारी सुरू झाल्यावर कुलूप आधीच उघडलेलं असतं. मग तिसऱ्या दिवशी भाकरीचा वास सहन होत नाही, पाणी पोटात ठरत नाही, आणि एकवीस दिवसांनी पुढच्या केमोची तारीख आली की ती म्हणते, मी नाही जात. घरचेही म्हणतात, राहू दे, फार हाल होतात. गाठीला याहून मोठी सवलत दुसरी नाही.

आता निरोपातली खरी अर्धी गोष्ट.

आपल्या शरीरात पेशी मरणं हे रोजचं काम आहे. पऱ्हाटीला ताण पडला की ती आपल्याच पात्या गाळते, साग उन्हाळा लागण्याआधी आपणच पानं टाकतो, तसं म्हातारी किंवा बिघडलेली पेशी स्वतःला आवरून घेते. १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी या मरणाला नाव दिलं तेही पानगळीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. कॅन्सरच्या पेशीची खोड अशी की ती गळत नाही. बिघडली तरी चिकटून राहते आणि वाढतच जाते.

ही पेशी गळत कशी नाही, याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक कारण सबस्टन्स पी. स्पेनमध्ये सेव्हिलचे मिगेल मुन्योस आणि सालामांकाचे राफाएल कोव्हेन्यास यांनी दोन दशकांहून जास्त काळ हेच तपासलं. मेंदूच्या गाठी, लहान मुलांच्या मज्जातंतूंच्या गाठी, कातडीचा काळा कॅन्सर, स्तनाचा, स्वादुपिंडाचा अशा बऱ्याच गाठींच्या पेशींवर एनके-१ ची कुलपं नेहमीपेक्षा जास्त असतात. काचेच्या बशीत या पेशींना सबस्टन्स पी दिला की त्या वाढतात. आत "गळू नको, दुप्पट हो" असा हुकूम जातो. गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या यायलाही तो मदत करतो. उलट अ‍ॅप्रेपिटंटने कुलूप बंद केलं की त्याच पेशी पुन्हा पात्यांसारख्या गळू लागतात.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या वीणा पद्मनाबन, सोहेल ताव्हाझोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरबद्दल जे छापलं, ते वाचून मी दोनदा थांबले. त्यांना दिसलं की ज्या गाठींत जाणिवेचे मज्जातंतू जास्त शिरलेले असतात त्या जास्त पसरतात. का, तर हे मज्जातंतू तिथे सबस्टन्स पी सोडतात. आता ऐका: ज्या थोड्या पेशींवर त्याची कुलपं फारच जास्त असतात, त्या पेशी सबस्टन्स पीने मरतात! मग चांगलंच झालं की. पण नाही. मरताना त्या पेशींतून आरएनए नावाच्या द्रव्याचे तुकडे बाहेर पडतात, शेजारच्या जिवंत पेशी ते ओळखतात आणि त्यांच्यात गाव सोडून पसरण्याची तयारी सुरू होते. चार मरतात आणि चाळीसांना वाट दाखवतात. आकडा माझा आहे, समजावं म्हणून. चाल मात्र त्यांनी दाखवलेली. उंदरांना अ‍ॅप्रेपिटंट दिलं तेव्हा गाठीची वाढही कमी झाली आणि पसरणंही.

यावरून एक शहाणपणाची गोष्ट मला पटली. "पेशी मरते" एवढं ऐकून आपण खूश होतो, पण कोणती मरते, किती मरतात आणि मरून काय करतात हेही विचारावं लागतं.

दोन गैरसमज इथेच बाजूला काढते. पहिला मिरचीचा. मिरची खुडली किंवा झणझणीत खाल्ली म्हणजे गाठीला खाद्य मिळतं, असा अर्थ यातून निघत नाही. बोटाच्या टोकाला सुटलेला सबस्टन्स पी तिथलं काम करून तिथेच संपतो. दुसरा गैरसमज जास्त दुखावणारा आहे. "तिनं सगळं मनाला लावून घेतलं म्हणून तिला झालं," असं बायकांबद्दल फार सहज बोललं जातं. गाठीत मज्जातंतू असतात याचा अर्थ बाईच्या काळजीने गाठ झाली असा नाही. आजारी बाईवर दोष टाकायला विज्ञानाचा आधार कोणी घेऊ नये. आणि मज्जातंतू आहेत म्हणजे गाठ दुखेलच असंही नाही. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायची वाट पाहू नका, गाठ हाताला लागली की आशाताईला सांगा आणि तपासून घ्या.

सगळेच न्यूरोपेप्टाइड गाठीच्या बाजूचे नसतात, हेही सांगायला हवं. सोमॅटोस्टॅटिन नावाचा निरोप्या वाढ थांबवणारा आहे. आतडं, स्वादुपिंड अशा ठिकाणच्या एका वेगळ्या जातीच्या गाठींवर त्याची कुलपं भरपूर असतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. तिथे सोमॅटोस्टॅटिनसारखी बनवलेली किल्ली घेतात, तिला ल्युटेशियम हे किरण सोडणारं द्रव्य बांधतात आणि शिरेतून देतात. किल्ली आपलं कुलूप शोधत गाठीपर्यंत जाते आणि किरण तिथे काम करतात. म्हणजे पेशीवरच्या कुलपाचा उपयोग उपचाराला होतो हे नुसतं पुस्तकातलं नाही, परळला रोज चालणारं काम आहे. पण ते त्या जातीच्या गाठींसाठी, सगळ्यांसाठी नाही.

मग अ‍ॅप्रेपिटंटने कॅन्सर बरा होतो असं का म्हणायचं नाही? पहिलं कारण बशीचं. काचेच्या बशीतली पेशी मिठाच्या कडक पाण्यानेही मरते, व्हिनेगरनेही मरते. बशीत पेशी एकटी असते. शरीरात तिच्याभोवती यकृत आहे, मूत्रपिंड आहे, औषध पातळ करणारं सगळं रक्त आहे. आणि बशीत पेशी गळायला औषध जितकं लागलं, तितकं तीन दिवसांच्या उलटीच्या कॅप्सूलमधून मिळत नाही. दुसरं कारण उंदराचं. उंदरात चाललं आणि माणसात चाललं नाही अशी औषधं ढिगाने आहेत.

माणसांतली एक मोठी नोंद आहे, तीही सांगते, लपवत नाही. नॉर्वे देशात सगळ्या नागरिकांच्या औषधांची नोंद सरकारकडे राहते. तिथे लवकर सापडलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या तेरा हजारांहून जास्त बायांच्या नोंदी पाहिल्या, तर ज्यांना केमोच्या वेळी अ‍ॅप्रेपिटंट मिळालं होतं त्यांचं पुढचं आयुष्य थोडं बरं निघालं, विशेषतः ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्या जातीत. आशा वाटावी अशी गोष्ट आहे. पण लक्षात घ्या, या सगळ्या बाया केमो घेणाऱ्या होत्या. केमो सोडून कॅप्सूल घेतलेली त्यात एकही नव्हती. आणि नोंदीवरून हेही ठरवता येत नाही की फायदा कॅप्सूलने गाठीवर केला, की ओकारी थांबल्यामुळे केमो वेळेवर आणि पूर्ण झाल्याचा तो फायदा आहे.

खात्री कशी होते याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांना प्रश्न पडला की ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती बधिर करणारं लिग्नोकेन टोचलं तर? दात काढताना, जखम शिवताना देतात तेच हे स्वस्त औषध. मज्जातंतूवरचे सोडियमचे दरवाजे ते बंद करतं आणि कॅन्सरच्या पेशींवरही तसे दरवाजे असतात. त्यांनी बशीवर भरवसा ठेवला नाही. २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बाया घेतल्या आणि चिठ्ठी काढल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. एका गटाला ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी इंजेक्शन, दुसऱ्याला नाही, बाकी उपचार सारखे. मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. २०२३ मध्ये निकाल छापला: पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात शंभरातल्या ९०.१ बाया हयात होत्या, न मिळालेल्या गटात ८६.४. शंभरात जवळजवळ चार बाया. चार घरं म्हणा. डोक्यात आलेली कल्पना आणि सिद्ध झालेला उपचार यांत दहा-बारा वर्षं आणि दीड हजार बायांचा धीर असतो. अ‍ॅप्रेपिटंट गाठीवर चालतं की नाही याचं असं चिठ्ठ्या काढून आलेलं उत्तर अजून आपल्या हातात नाही. ते येईपर्यंत ती ओकारीची कॅप्सूल आहे, आणि त्या कामात ती पक्की आहे.

म्हणून ज्या घरात केमो चालू आहे तिथल्यांसाठी आता कामाच्या गोष्टी. सगळ्या केमोला ही कॅप्सूल लागत नाही. सिस्प्लॅटिन असेल, किंवा ज्याला बाया "लाल औषध" म्हणतात ते असेल, तर ओकारी जोराची असते आणि तिथे ती देतात. सौम्य केमोला साध्या गोळ्या पुरतात. दिली नसेल तर डॉक्टरांना विचारा, "माझ्या औषधाला अ‍ॅप्रेपिटंट लागतं का?" विचारण्यात कमीपणा नाही. दुकानातून आपल्या मनाने मात्र आणू नका. ती इतर औषधांच्या कामात हात घालते. सोबत दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची मात्रा तिच्यामुळे कमी करावी लागते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा हिशेब बदलतो. कुटुंबनियोजनाच्या हार्मोनच्या गोळ्या तिच्यामुळे कच्च्या पडतात, आणि कॅप्सूल संपल्यावरही २८ दिवस तसंच राहतं. म्हणून घरी ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि दाखवा.

ओकारी थांबवायला ओलान्झापिन नावाची गोळीही देतात. तिने फार गुंगी येते म्हणून बाया ती टाकून देतात. टाटा मेमोरियलमध्येच यावर अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये छापला: १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिली तरी ओकारी तेवढीच आवरते आणि गुंगी कमी राहते. दिवसभर झापड येत असेल तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते का ते ते पाहतील.

शेवटी वेळेचं. आपल्याकडून नागपूरला केमोला जायचं तर पहाटे निघावं लागतं. यवतमाळहूनच दीडशे किलोमीटर आहे, वणी-उमरखेडकडच्यांचा हिशेब आणखी वेगळा. कॅप्सूल केमोच्या एक तास आधी घ्यायची आहे, घरून निघण्याच्या आधी नाही. तिथे गेल्यावर रक्ततपासणीचा रिपोर्ट येतो, पेशी कमी असतील तर केमो पुढेही ढकलतात, आणि कॅप्सूल मात्र पोटात गेलेली असते. म्हणून पाकीट जवळ ठेवा, रिपोर्ट बरा आला, सिस्टरने "आज लावणार" म्हटलं की तिला विचारून घ्या. उरलेल्या दोन कॅप्सूल सोबतच्या माणसाकडे द्या आणि दोन दिवसांचा सकाळचा गजर त्याच्या मोबाईलमध्ये लावून ठेवा. ओकारी होवो न होवो, त्या सकाळी घ्यायच्या. आणि घेऊनही पाणी पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ताप आला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केमोच्या कागदावरच्या नंबरला त्याच दिवशी फोन करा.